झिका फक्त गरोदर बायकांचा आजार? छे!

झिका म्हटलं की आपल्याला २०१५-१६ चं ब्राझील आठवतं, लहान डोक्याची बाळं आठवतात. पुरुषांची गोष्ट मात्र मागेच राहते. खरं तर हा विषाणू वीर्यात महिनोन्‌महिने सापडू शकतो, तोही माणूस ठणठणीत दिसत असताना. डास न चावताही तो जोडीदाराकडे जातो तो असा.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या शास्त्रज्ञांनी नर उंदरांना झिकाची लागण करून पाहिलं. तीन आठवड्यांत त्यांची वृषणं आक्रसून नेहमीच्या दहाव्या हिश्श्यावर आली! शुक्राणूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशींपर्यंत विषाणू पोचला होता. एरवी वृषणाभोवती रक्तातून काहीही सहज आत येऊ न देणारा पहारा असतो, पण विषाणू एकदा आत शिरला की तोच पहारा त्याच्या पथ्यावर पडतो.

२०१७ मध्ये टेक्सासच्या गटाने झिकाच्या जनुकीय साखळीच्या शेपटाकडची फक्त दहा अक्षरं उडवली आणि त्या लुळ्या विषाणूचीच लस केली. एकाच डोसने नर उंदरांची वृषणं वाचली, शुक्राणूंची संख्याही घटली नाही. (दहा अक्षरं! मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं.)

आता पाय जमिनीवर ठेवू. हे प्रतिकारशक्ती मुद्दाम कमकुवत केलेले उंदीर होते. पुरुषांची प्रजननक्षमता झिकामुळे कायमची जाते, असं सिद्ध झालेलं नाही. आणि माणसांसाठी मंजूर झालेली झिकाची लस अजून बाजारात नाही.

पुण्यात २०२४ मध्ये रुग्ण सापडले तेव्हाही चर्चा गरोदर बायकांचीच होती. पुरुषांना झिका झाला तर निदान तीन महिने कंडोम वापरावा, हे किती जणांना कुणी सांगितलं?