चित्रपट संकलनाचे शिक्षण

चित्रित झालेली दृश्ये आणि ध्वनी यांची निवड, मांडणी व जोडणी करून त्यांतून एकसंध कलाकृती घडविण्याची विद्या आत्मसात करणे म्हणजे चित्रपट संकलनाचे शिक्षण होय. व्यवहारात या कामास एडिटिंग व ते करणाऱ्यास एडिटर म्हणतात. मराठी श्रेयनामावलीत संकलन व संकलक हे शब्द रूढ आहेत. कथापट, माहितीपट, दूरचित्रवाणी मालिका, उत्सवांचे बहुकॅमेरा चित्रीकरण अशा सर्व प्रकारांत संकलनाची आवश्यकता असते. अनेक कथानके, अनेक कॅमेरे, अनेक भाषा किंवा फार मोठे कच्चे चित्रीकरण असलेल्या निर्मितीस गुंतागुंतीची निर्मिती समजले जाते. तिचे संकलन शिकताना यंत्र अथवा आज्ञावली हाताळणे हा प्रारंभीचा भाग असतो. साहित्याची व्यवस्था लावणे, प्रत्येक छेदामागील कारण ओळखणे आणि चित्रित व्यक्तीच्या म्हणण्याशी प्रामाणिक राहणे, हा त्या शिक्षणाचा मुख्य भाग होय.

इतिहास

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट इ.स. १९१३ मध्ये प्रदर्शित झाला. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. त्या काळी दिग्दर्शन, छायाचित्रण, फिल्म धुणे आणि जोडणे ही कामे वेगवेगळ्या विभागांत वाटलेली नव्हती. फाळके यांच्या घरीच चाललेल्या या खटाटोपात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा मोठा वाटा होता. फिल्मला छिद्रे पाडणे व ती धुणे ही कामे त्या करीत. मराठी प्रदेशातील चित्रपटविद्येचे पहिले शिक्षण असे घरगुती कार्यशाळेत, प्रत्यक्ष काम करीत झाले.

प्रभात फिल्म कंपनीची स्थापना इ.स. १९२९ मध्ये कोल्हापुरात झाली आणि इ.स. १९३३ मध्ये ती पुण्यास आली. बोलपटांच्या काळात प्रभातने अनेक चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन भाषांत काढले. 'कुंकू' (१९३७) व 'माणूस' (१९३९) ही त्याची उदाहरणे होत. हिंदीत ते अनुक्रमे 'दुनिया न माने' व 'आदमी' या नावांनी आले. संवाद बदलले की त्यांची लांबी बदलते, त्यामुळे कथा एकच असली तरी प्रत्येक आवृत्तीतील छेद नव्याने ठरवावे लागतात. स्टुडिओच्या काळात उमेदवार संकलकाच्या हाताखाली राही. फिल्मचे तुकडे क्रमाने लावणे, त्यांवर खुणा करणे, चित्र व ध्वनी जुळविणे ही कामे करता करता वरिष्ठ कोणता तुकडा ठेवतो व कोणता टाकतो, हे तो रोज पाहत असे.

प्रभातच्या पुण्यातील वास्तूतच भारत सरकारने इ.स. १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन केली. तीच आजची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया होय. तेथे संकलनाचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. इ.स. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाल्यामुळे जुने चित्रपट पाहून अभ्यास करण्याची सोय झाली. या संस्थेत शिकलेल्या रेणू सलुजा (१९५२–२०००) यांना 'परिंदा', 'धारावी', 'सरदार' आणि 'गॉडमदर' या चार चित्रपटांसाठी संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. राजकुमार हिरानी व संजय लीला भन्साळी या दिग्दर्शकांचे मूळ शिक्षणही येथेच, संकलनाचे झाले आहे.

फिल्मवरील संकलन

पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात आणि बोलपट दर सेकंदास २४ चौकटींच्या गतीने चालतो. म्हणजेच एका मिनिटास ९० फूट फिल्म लागते आणि १,००० फुटांचे रीळ सुमारे ११ मिनिटे चालते. संकलक मुविओला किंवा स्टीनबेक या यंत्रावर कामाची प्रत पाही, मेणाच्या पेन्सिलीने छेदाची जागा आखी, फिल्म कापी आणि चिकटपट्टीने जोडी. मूळ निगेटिव्ह मात्र अखेरचा निर्णय झाल्यावरच, कडेवरील क्रमांक पाहून कापली जाई. एकदा कापलेली जागा पुन्हा जोडताना खूण राहत असल्याने कात्री लावण्यापूर्वी विचार करणे भाग पडे. संगणकावर छेद मागे घेता येतो. त्यामुळे ही सक्ती आता राहिली नाही, आणि विचार करण्याची सवय शिक्षणातून जाणीवपूर्वक लावावी लागते.

साहित्याची व्यवस्था

मोठ्या निर्मितीत संकलकापुढील पहिली अडचण साहित्याच्या प्रमाणाची असते. फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या 'अपोकॅलिप्स नाऊ' (१९७९) या चित्रपटासाठी सुमारे १२ लाख ५० हजार फूट फिल्म चित्रित झाली होती. तिचा कालावधी २३० तासांहून अधिक भरतो. पूर्ण झालेला चित्रपट अडीच तासांच्या आत बसला.

आजच्या साध्या निर्मितीतही हा प्रश्न येतो. पाच कॅमेऱ्यांनी प्रत्येकी चार तास चित्रण केले तर २० तासांचे साहित्य जमते. सेकंदास १०० मेगाबिट या दराने एका तासास सुमारे ४५ गिगाबाइट जागा लागते, म्हणजे २० तासांस सुमारे ९०० गिगाबाइट. म्हणून विद्यार्थ्यास प्रथम पुढील गोष्टी शिकविल्या जातात.

प्रतींची सुरक्षितता: साहित्याच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी. प्रत तपासल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नये.

नोंद: दिवस, कॅमेरा, स्थळ, व्यक्ती आणि शॉटचे वर्णन यांची नोंदवही ठेवावी. पूर्ण साहित्य एकदा तरी न थांबता पाहावे, कारण पहिल्या दर्शनातील प्रतिक्रिया पुन्हा मिळत नाही.

गतीची एकवाक्यता: चित्रपटाची गती सेकंदास २४ चौकटी आणि भारतीय दूरचित्रवाणीची २५ चौकटी असते. दोन्हींचे साहित्य एकत्र आल्यास कामाची गती आरंभीच ठरवावी. अन्यथा ध्वनी व ओठ यांचा मेळ सुटतो किंवा हालचाल अडखळते.

हलक्या प्रती: सामान्य संगणकावर मोठ्या फाइली अडखळतात. त्यांच्या कमी आकाराच्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, करून त्यांवर संकलन करतात आणि शेवटी मूळ फाइली जोडतात.

छेदाचे तत्त्व

इ.स. १९२० च्या आसपास रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव्ह यांनी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांशेजारी ठेवून दाखविला. प्रेक्षकांस त्याच चेहऱ्यावर कधी भूक, कधी दुःख दिसले. दोन शॉट शेजारी आले की त्यांतून तिसरा अर्थ निघतो, हे संकलनाचे मूलतत्त्व त्यातून स्पष्ट होते.

अमेरिकन संकलक वॉल्टर मर्च यांनी चांगल्या छेदाच्या सहा कसोट्या सांगितल्या असून त्यांस सूचक वजन दिले आहे: भावना ५१ टक्के, कथा २३, लय १०, प्रेक्षकाच्या नजरेची दिशा ७, पडद्याच्या प्रतलाची सुसंगती ५ आणि प्रत्यक्ष अवकाशातील सलगता ४ टक्के. नवशिक्या विद्यार्थी बहुधा शेवटच्या कसोटीत अडकतो. हातातील पेला डाव्या हातात होता की उजव्या, याची त्यास चिंता असते. भावना खरी उतरली असेल तर प्रेक्षक अशी किरकोळ विसंगती सहसा लक्षात घेत नाही, असे या क्रमवारीतून सूचित होते.

ध्वनी व चित्र एकाच क्षणी बदलणे आवश्यक नसते. पुढील दृश्याचा ध्वनी आधी सुरू केला तर त्यास जे-कट आणि मागील दृश्याचा ध्वनी पुढे चालू ठेवला तर त्यास एल-कट म्हणतात. संवादप्रधान दृश्यात बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा कधी दाखवावा, याचा सराव या दोन प्रकारांतून होतो.

सोलापूर जिल्ह्यातील उदाहरणे

सोलापूरशी संबंधित दिग्दर्शकांचे चित्रपट संकलनाच्या अभ्यासासाठी उपयुक्त ठरतात. पंढरपूर येथे जन्मलेले आणि सोलापुरात शिकलेले जब्बार पटेल यांचा 'सिंहासन' (१९७९) हा चित्रपट अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्यांवर आधारित आहे. मंत्री, कामगार पुढारी, पत्रकार व सामान्य माणसे यांची कथानके त्यात समांतर चालतात. एक धागा किती वेळ दृष्टीआड ठेवला तर प्रेक्षक तो विसरणार नाही, हा प्रश्न अशा रचनेत सतत सोडवावा लागतो.

करमाळा तालुक्यातील जेऊर येथील नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटास ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या 'फँड्री' (२०१३) या चित्रपटाचे संकलन चंदन अरोरा यांचे आहे. त्याच्या अखेरीस नायकाने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. दगड कोणास लागला, हे दाखविले जात नाही. 'सैराट' (२०१६) या चित्रपटाचे बरेच चित्रीकरण करमाळा तालुक्यात झाले असून त्याचे संकलन कुतुब इनामदार यांनी केले आहे. त्यात हत्या प्रत्यक्ष दिसत नाही. दिसते ते तिच्यानंतरचे घर आणि रडणारे मूल, आणि तेही ध्वनीविना. सुमारे तीन तास संगीताने भरलेल्या चित्रपटाच्या शेवटी ध्वनी काढून घेतल्याने ती शांतता जाणवते. आरंभापासून शांत असलेल्या चित्रपटात तिचा तसा परिणाम झाला नसता. काय वगळावे आणि कोठे वगळावे, हे शिकण्यासाठी ही दोन्ही उदाहरणे महत्त्वाची आहेत.

बहुकॅमेरा चित्रीकरण: गड्डा यात्रा

मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरात भरणारी श्री सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे गड्डा यात्रा, ही बहुकॅमेरा संकलनाच्या सरावास योग्य अशी घटना आहे. ६८ लिंगांचा तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळा, होमप्रदीपन आणि शोभेचे दारूकाम हे विधी ठरलेल्या क्रमाने होतात. सात नंदीध्वजांची मिरवणूक शहरातून निघते. अक्षता एकदाच पडतात, त्यामुळे त्या क्षणाचा दुसरा टेक मिळत नाही.

अशा प्रसंगी सर्व कॅमेऱ्यांची घड्याळे आरंभी जुळवितात. टाइमकोडची सोय नसल्यास एक टाळी सर्व कॅमेऱ्यांस दिसेल व ऐकू येईल अशी वाजवितात आणि तिच्या ध्वनिलहरींवरून टाइमलाइनवर सर्व चित्रणे एकमेकांखाली बसवितात. ध्वनी शक्यतो एकाच सलग ध्वनिमुद्रणातून घेतात. कॅमेरा बदलला तरी वाद्यांचा आवाज तुटत नाही. मिरवणुकीची दिशा पडद्यावर एकच राहील, याची काळजी घ्यावी लागते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी घेतलेले शॉट लागोपाठ जोडल्यास नंदीध्वज उलट फिरल्यासारखे दिसतात. विधींचा क्रम सोयीसाठी बदलणे हे माहितीपटात दोषास्पद मानले जाते, कारण पुढील काळात तेच चित्रण पुरावा म्हणून पाहिले जाते.

मुलाखतींचे संकलन व भाषा

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या भाषा बोलल्या जातात. यंत्रमाग कामगार, विडी कामगार किंवा यात्रेतील मानकरी यांच्या मुलाखतींत या भाषा एकमेकींत मिसळतात. मराठी, कन्नड व तेलुगू या तिन्ही भाषांत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते आणि नकारही तेथेच येतो. 'मालकाने पैसे दिले नाहीत' या वाक्यातील शेवटचा शब्द छेदात गेला तर अर्थ नेमका उलटा होतो. भाषा न समजणारा संकलक ध्वनिलहरीतील विराम पाहून कापतो, तेव्हा हा धोका सर्वाधिक असतो. म्हणून मुलाखतीचे पूर्ण लेखन करून, त्या भाषेच्या जाणकाराकडून तपासून मगच संकलन करण्याचा दंडक शिकविला जातो. उत्तर लहान करताना बोलणाऱ्याने घातलेली अट, शंका किंवा अपवाद गळणार नाही, हेही पाहिले जाते.

यंत्रमागाच्या कारखान्यातील खडखडाट ही आणखी एक अडचण होय. दोन वाक्ये जोडताना मागील आवाज तुटला तर छेद ऐकू येतो. त्यासाठी मुलाखतीनंतर त्याच जागेचा एक-दोन मिनिटांचा केवळ पार्श्वध्वनी मुद्रित करून ठेवतात व तो जोडांखाली पसरवितात.

कामाचे टप्पे

संकलनाचे काम सामान्यतः पुढील क्रमाने चालते: कथाक्रमानुसार सर्व निवडक शॉट लावणे, कच्चे संकलन, अनोळखी प्रेक्षकांस दाखवून सुधारणा, पक्के संकलन, चित्राचा अंतिम निर्णय. त्यानंतर चित्राची लांबी बदलत नाहीत. ध्वनी, पार्श्वसंगीत, रंगसंस्कार आणि दृश्यपरिणाम यांचे काम त्या लांबीवर आधारलेले असते. चित्र पक्के होण्यापूर्वी रंग व संगीतावर वेळ घालविणे ही नवशिक्यांत आढळणारी सवय असून, मेहनत केलेला पण अनावश्यक भाग टाकणे तिच्यामुळे कठीण होते.

संगणकीय साधने व स्वाध्ययन

इ.स. १९८९ मध्ये ॲव्हिड ही संगणकीय संकलन प्रणाली आली. पुढे प्रीमियर आणि फायनल कट प्रो या आज्ञावलींचा प्रसार झाला. दा विंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती आणि केडेनलाइव्ह ही मुक्त आज्ञावली यांमुळे पुण्या-मुंबईबाहेरील विद्यार्थ्यांसही साधने उपलब्ध झाली आहेत. साधन सुलभ झाले, तरी वरिष्ठ संकलकाच्या शेजारी बसून निर्णय घडताना पाहण्याची संधी त्यातून मिळत नाही. फिल्मच्या काळात साहाय्यक त्याच खोलीत असे. संगणकावर साहित्य लावण्याचे काम वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी होऊ शकते.

ही उणीव भरून काढण्यासाठी काही सराव उपयोगी पडतात. परिचित चित्रपटातील एक प्रसंग निवडून प्रत्येक शॉटची लांबी व बदलाचे कारण लिहून काढावे. तोच प्रसंग आवाज बंद करून आणि नंतर चित्र झाकून पुन्हा अभ्यासावा. एकाच कच्च्या साहित्यावर दोघांनी स्वतंत्र संकलन करून ती शेजारी ठेवून पाहावीत. छेदाचे कारण एका वाक्यात सांगता आले नाही, तर तो छेद पुन्हा तपासावा.