शर्यतीचा घोडा आणि आपला उसाचा फड



घोड्याचा नाद कोल्हापूरला नवा नाही. शाहू महाराजांच्या पागेच्या गोष्टी आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकतच आलो. पण शर्यतीच्या घोड्याची पैदास हे वेगळेच शास्त्र आहे. पुण्यात पूनावालांचा स्टड फार्म १९४६ सालापासून हेच काम करतो.

गाईला आपण कृत्रिम रेतन करून घेतो. या घोड्यांत ते चालत नाही. घोडी वळूघोड्याकडेच न्यावी लागते. ती अकरा महिने गाभण राहते. शिंगरू केव्हाही जन्मो, त्याचे वय १ जानेवारीपासून धरतात. डिसेंबरअखेर जन्मलेले आठवड्यात वर्षाचे ठरते! म्हणून फेब्रुवारीच्या आधी घोडी सहसा फळवत नाहीत.

एवढे करून घोडा थकला की पुढे काय? पूनावालांचे असे घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेत जात. तिथे घोड्याच्या रक्तापासून औषधी सिरम काढीत. त्यावरूनच सायरस पूनावालांनी १९६६ साली सिरम इन्स्टिट्यूट काढली.

सर्पदंशाचे इंजेक्शनही असेच होते. घोड्याला विषाची मात्रा थोडी-थोडी वाढवत टोचतात; त्याच्या रक्तात उतारा तयार होतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चौघांवर एकच औषध.

तेव्हा फडात कुणाला पान लागलं, तर मांत्रिकाकडे धावू नका. गाडी काढा, थेट सरकारी दवाखाना गाठा. घोड्यानं आपलं काम केलंय. उशीर आपण करायचा नाही.