‘द’ कुठे लावायचा?

इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द म्हणजे ‘द’. अन् आपल्याला जास्त छळणाराही तोच! मराठीत असा शब्दच नाही. मग कोणी जिथे तिथे ‘द’ लावतो, तर कोणी कुठेच लावत नाही. मला समजले तसे सांगतो.

फार जुन्या इंग्रजीत ‘द’चा अर्थ ‘तो, ती, ते’ असा होता. म्हणून एकाच वस्तूचे नाव लिहिताना मी मनाला विचारतो, ‘कोणती वस्तू, हे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे का?’ ठाऊक असेल तर ‘द’, नसेल तर ‘अ’.

‘आय सॉ अ काऊ. द काऊ वॉज ब्लॅक.’ आधी गाय कोणती ते तुम्हांला माहीत नव्हते. नंतर तीच गाय, म्हणून ‘द’. दोन्हीकडे ‘अ’ लावला, तर ऐकणाऱ्याला वाटेल गाई दोन होत्या!

वर्गाला दार एकच असले, की ‘ओपन द डोअर’. सूर्य-चंद्रही आपल्याला एकेकच. म्हणून द सन, द मून.

‘मिल्क इज गुड’ म्हणजे कोणतेही दूध. ‘द मिल्क इज हॉट’ म्हणजे या पातेल्यातले.

आता गंमत बघा. आपण शिकायला जातो, ते ‘गो टू स्कूल’. वडील गुरुजींना भेटायला जातात, ते ‘गो टू द स्कूल’. शाळा तीच, पण जाण्याचे कारण वेगळे!

नावांचे मात्र पाठच करावे लागते. माणूस, गाव, एकटे शिखर यांना बहुधा ‘द’ नाही : पुणे, कळसूबाई. नदीला आणि डोंगररांगेला आहे : द गोदावरी, द हिमालयाज.

पुढे स्वराचा आवाज आला, की ‘दि’ म्हणायचे : दि एलिफंट, दि अवर. पण द युनिव्हर्सिटी. कारण तिथे आवाज ‘यु’चा आहे. अक्षराकडे पाहू नका, कानाने ऐका.

समोरच्याला काय ठाऊक आहे, याचा विचार बोलणाऱ्याने करायचा असतो. तेवढा केला, की निम्मे काम झाले.

आता रिकाम्या जागा भरा पाहू :

१) — सन राइजेस इन — ईस्ट.
२) आय हॅव — डॉग. — डॉग इज स्मॉल.

उत्तरे मधल्या सुट्टीत मला सांगा!