सिंदखेडची लेक आणि तिची दोन मुले

बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजा हे गाव आहे. तेथील लखुजी जाधवराव यांच्या घरी जिजाबाईंचा जन्म झाला. पुढे त्यांचा विवाह वेरूळच्या भोसले घराण्यातील शहाजीराजांशी झाला. त्यांचा थोरला पुत्र संभाजी व धाकटा शिवाजी.

त्या काळी सरदाराचे बिऱ्हाड फार दिवस एका जागी टिकत नसे. स्वारी निघाली किंवा दरबार बदलला, की घर हलत असे आणि त्याची झळ मुलाबाळांनाही पोचत असे. १६२९ मध्ये दौलताबाद येथे निजामशाही दरबारात लखुजी, त्यांचे दोन पुत्र व नातू मारले गेले. जिजाबाईंच्या माहेरावर दुःखाचा डोंगर कोसळला. थोड्याच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरी किल्ल्यावर शिवाजीराजांचा जन्म झाला.

१६३६ साली निजामशाही बुडाली. शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले व त्यांना कर्नाटकात राहावे लागले. मग भावाभावांची ताटातूट झाली. संभाजीराजे वडिलांजवळ राहिले. शिवाजीराजे आईच्या छायेत पुण्यास वाढले. एकाच्या वाट्याला पित्याचा सहवास आला, दुसऱ्याच्या वाट्याला मातेचा.

पुढे कनकगिरीच्या लढाईत संभाजीराजे धारातीर्थी पडले. ६ जून १६७४ रोजी रायगडावर धाकट्या पुत्राचा राज्याभिषेक झाला. तो सोहळा वृद्ध जिजाबाईंनी पाहिला. मात्र तो पाहण्यास थोरला पुत्र नव्हता. त्यानंतर अकरा दिवसांनी पाचाड येथे त्यांनी देह ठेवला.

एका घरात राहून एका पंक्तीला जेवणे, हे भावंडांचे केवढे भाग्य असते!