कर्तव्यावर पडलेल्यांचे देणे

व्याख्यानमालेचे दिवस आणि आगीचे दिवस आपल्या वर्धा जिल्ह्यात एकत्रच येतात. याच दिवसांत, १४ एप्रिलला, देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. त्याचे मूळ मुंबईत आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' या जहाजावरील कापसाच्या गाठींनी पेट घेतला. त्याच जहाजात दारूगोळाही भरलेला होता. दुपारी चारनंतर तो उडाला, आणि आग विझवण्यासाठी गेलेले मुंबई अग्निशामक दलाचे ६६ लोक प्राणास मुकले.

अशा माणसांसाठी आपण दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतो. ते योग्यच आहे. परंतु त्यानंतर त्यांच्या घरची चूल कशी पेटते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. आणि तोच आज आम्ही येथे मांडणार आहोत.

शासन काय देते ते प्रथम पाहू. ढोबळमानाने तीन गोष्टी असतात: एकरकमी सानुग्रह अनुदान, कुटुंबाला निवृत्तिवेतन आणि वारसास अनुकंपा तत्त्वावर नोकरी. केंद्र सरकारच्या सेवकांसाठी १ जानेवारी २०१६ पासून जे दर लागू झाले, त्यांप्रमाणे काम करताना अपघाती मृत्यू आल्यास २५ लाख रुपये, अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईत आल्यास ३५ लाख आणि युद्धात शत्रूच्या कारवाईत आल्यास ४५ लाख असे अनुदान ठरले. राज्याच्या पोलिसांचे नियम राज्य सरकार ठरवते. २०२० सालच्या साथीत कर्तव्यावर असताना कोविडने दगावलेल्या पोलिसांच्या कुटुंबांसाठी महाराष्ट्र शासनाने ५० लाखांची तरतूद केली. म्हणजे मृत्यू गोळीनेच यावा असे नाही, हे शासनाने मान्य केले.

आता या योजनांची नावे पाहा. 'सानुग्रह' म्हणजे कृपेने दिलेले आणि 'अनुकंपा' म्हणजे दया. आमचे म्हणणे असे की, हे शब्दच चुकीच्या जागी बसले आहेत. घराला आग लागली तर तुम्हांआम्हांला पळून जाण्याची मोकळीक आहे. अग्निशामकाला ती नाही. बंदुकीसमोरून बाजूला होण्याचा हक्क नागरिकाला आहे, पोलिसाला नाही. तो हक्क समाजाने त्याच्याकडून काढून घेतला आहे आणि त्या बदल्यात एक वचन दिले आहे. वचन पाळणे ही कृपा नव्हे, ते देणे फेडणे आहे.

आणि देणे म्हटले की ते माणूस कोणत्या रजिस्टरात होता यावरून कमीजास्त होता कामा नये. अडचण येते ती नेमकी येथेच. आपल्याच जिल्ह्यातील पुलगावचे उदाहरण घ्या. ३१ मे २०१६ च्या पहाटे तेथील मध्यवर्ती दारूगोळा भांडाराला आग लागली. आगरगावसारख्या खेड्यांतील लोकांना अंधारात घरे सोडावी लागली. विझवणाऱ्यांपैकी दोन लष्करी अधिकारी मृत्यू पावले आणि त्यांच्याबरोबर भांडाराच्या अग्निशमन दलाचे अनेक लोकही. अधिकाऱ्यांना लष्कराचे निवृत्तिनियम. अग्निशामकांना मात्र मुलकी सेवकांचे, कारण ते लष्कराच्या आवारात असूनही मुलकी नोकर. आग एक, तिला सामोरे गेलेले खांदे शेजारी शेजारी, आणि कागद मात्र वेगवेगळ्या टेबलांवर!

गडचिरोलीकडे पाहा. १ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगाने एक वाहन उडवले. त्यात १५ पोलीस होते आणि वाहनाचा खाजगी चालक होता. सोळाही गेले. सुरुंगाने कोणाचा हुद्दा विचारला नाही; कार्यालयाला मात्र तो विचारावाच लागतो. गृहरक्षक दलाचेही असेच. ६ डिसेंबर १९४६ पासून मुंबई इलाख्यात सुरू झालेले हे दल मुळात स्वयंसेवकांचे. जेवढे दिवस काम तेवढे दिवस मानधन. यात्रेत, निवडणुकीत, पुरात तो पोलिसाच्या शेजारी उभा असतो, पण तो कायम नोकर नव्हे.

'शहीद' या शब्दाने हा भेद मिटतो असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. लष्कर असो वा पोलीस, हा शब्द सरकारी नियमांत वापरला जात नाही, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितलेले आहे. फलकावरचा शब्द निवृत्तिवेतनाच्या कामी येत नाही.

याहून उपेक्षित आहे तो जिवंत परतलेला, पण पाय किंवा दृष्टी गमावलेला माणूस. त्याला मानवंदना नाही, त्याचा स्मृतिदिन नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एक मोलाचे कलम आहे: नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या शासकीय सेवकाला काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही, जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, आणि तशी जागा नसेल तर त्याच्यासाठी जादा जागा निर्माण करावी. मात्र कामाचे स्वरूप पाहून काही आस्थापनांना या कलमातून वगळण्याची मुभा शासनाला आहे. धोक्याची कामे जेथे अधिक, तेथेच ही मुभा वापरण्याचा मोह अधिक, हे आपण ध्यानात ठेवावे.

अमेरिकेतही हा रस्ता टप्प्याटप्प्यानेच कापला गेला. १९७६ च्या कायद्याने तेथे कर्तव्यावर मेलेल्या पोलीस व अग्निशामकांच्या वारसांना ५०,००० डॉलर ठरले आणि त्यांत स्वयंसेवक अग्निशामकही धरले गेले. कायमच्या अपंगांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडले. २००३ साली आणखी एक पाऊल पडले: दगदगीच्या कामगिरीनंतर २४ तासांच्या आत हृदयविकाराचा झटका येऊन कोणी गेला, तर तो मृत्यू कर्तव्यावरचाच समजावा. आपणांस यातून घेण्याजोगी गोष्ट रक्कम ही नसून धोरण आहे. धोका कोणी पत्करला ते पाहावे, हुद्दा नंतर पाहावा.

बोरगाव मेघेसारख्या गावात राहणाऱ्या आपण काय करावे? कायदे मुंबई-दिल्लीला होतात, पण कागद येथे अडतात. कामगिरीवर पाठवल्याची नोंद, पंचनामा, वैद्यकीय मंडळाचा दाखला, वारसाचा दाखला, बँकेतील नामनिर्देशन: एक कागद कमी पडला तरी घर महिनोन् महिने ताटकळते, आणि हे सारे त्या बाईला गोळा करावे लागते जिचे दुःख अजून ओलेच असते. ग्रामपंचायतीने आणि शिकलेल्या शेजाऱ्यांनी हे काम आपले मानावे. तिच्याबरोबर वर्ध्याच्या कचेरीत जावे आणि अर्जाची पोच घेऊन यावे. ज्याने आपल्यासाठी आगीत पाऊल टाकले, त्याच्या घरासाठी एवढ्या खेपा घालणे हेही त्या देण्यातच मोडते.