एक्सप्लेनर : औषधांना न जुमानणारे जिवाणू भाजीतून पोटात? धोका कुठे, उपाय काय?

बार्शीटाकळी : बाजारातून आणलेली मेथी, कांद्याची पात, मुळा वऱ्हाडात पिठलं-भाकरीसोबत अनेकदा कच्चाच खाल्ला जातो. ताजी भाजी आरोग्याला चांगलीच. पण तिच्यावर अँटिबायोटिक औषधांना न जुमानणारे जिवाणूही असू शकतात. हे नेमके काय आहे, समजून घेऊया.

असे जिवाणू तयार कसे होतात?

अँटिबायोटिकचा मारा वारंवार झाला, की कमकुवत जिवाणू मरतात आणि तग धरणारे उरतात. ही क्षमता त्यांच्या जनुकांत असते. मोबाइलवरून फाइल पाठवावी, तशी ही जनुके ते दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देतात. म्हणजे भाजीवरचा निरुपद्रवी जिवाणूसुद्धा पोटातल्या रोगकारक जिवाणूला बळ देऊ शकतो.

भाजीपर्यंत येतात कुठून?

• सांडपाणी मिसळलेल्या नाल्याच्या पाण्यातून
• नीट न कुजलेल्या शेणखतातून, कोंबडीखतातून
• अस्वच्छ हात, टोपल्या आणि भाजीवर शिंपडलेल्या पाण्यातून

कोंबड्यांना 'कोलिस्टिन' हे अखेरच्या टप्प्यावर वापरायचे औषध दिले जात होते. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली. संत्रा-लिंबावरील खैऱ्या रोगासाठी फवारल्या जाणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनवर बंदीचा मसुदा आदेश डिसेंबर २०२१ मध्ये निघाला.

मेथीने दिलेला धडा

२०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय जिवाणूची मोठी साथ आली. सुमारे ४ हजार जण आजारी पडले, ५० हून अधिक दगावले. तपासात संशय मोड आलेल्या मेथीवर स्थिरावला. बी इजिप्तमधून आले होते. मृत्यू जिवाणूच्या विषामुळे झाले, पण तो अनेक अँटिबायोटिकना दाद न देणाराही होता. मोड कच्चेच खाल्ले गेले होते.

मग भाजी खायची की नाही?

जरूर खायची. औषधाला दाद न देणारा जिवाणू आचेपुढे मात्र टिकत नाही. भाजी पूर्ण शिजली की तोही मरतो. खरी काळजी कच्च्या भाजीची घ्यायची.

घरी काय कराल?

• जुडी सोडा, सडकी पाने व माती काढा, पाने सुटी करून पिण्यायोग्य वाहत्या पाण्यात धुवा. धुण्याने जिवाणू कमी होतात, सगळे जात नाहीत
• काकडी, मुळा, गाजर चोळून धुवा, मगच चिरा
• साबण, डिटर्जंट वापरू नका
• कच्चे मांस आणि कोशिंबिरीसाठी चाकू-पाट वेगळे ठेवा
• गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना मोड शिजवूनच द्या

आणखी एक महत्त्वाचे : सर्दी-खोकल्याला मेडिकलमधून स्वतःहून अँटिबायोटिक घेऊ नका, उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नका. आज विनाकारण घेतलेली गोळी उद्या खऱ्या गरजेच्या वेळी निकामी ठरू शकते.