पंजाएवढी पकड

गाडी कितीही महागाची असो, ती रस्त्याला टेकलेली असते फक्त चार ठिकाणी. ही प्रत्येक जागा साधारण आपल्या हाताच्या पंजाएवढी. हिशेब सोपा आहे. गाडीचं वजन १४०० किलो धरलं तर प्रत्येक चाकावर ३५० किलो भार येतो. टायरमधल्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास. भागाकार केला की १५५ चौरस सेंटिमीटर उरतात. इंजिनाची ताकद, ब्रेकची करामत, वळणावरचा तोल, सगळं या चार पंजांतून रस्त्यापर्यंत पोहोचतं.

मी कवी माणूस. पण वडिलांचं महामार्गालगत टायरचं दुकान होतं आणि बी.ए. होईपर्यंतच्या माझ्या सुट्ट्या तिथेच गेल्या. त्यामुळे घरात कुणाच्या गाडीचे टायर झिजले की विचारणा माझ्याकडे येते. माझ्या भाच्यानं पुण्यात हौसेनं एक जुनी, दोन दारांची, बुटकी स्पोर्ट्स गाडी घेतली आहे. ती शोभेला ठेवलेली नाही. रोज हिंजवडीला कामावर जाते, अधूनमधून द्रुतगती मार्गानं मुंबईला. परवा त्याचा फोन आला. "मामू, सगळ्यात जास्त पकडीचे टायर घालतो." मी विचारलं, "पकड कुठल्या रस्त्यावर?"

टायरचा सगळा प्रश्न या 'कुठल्या'मध्ये आहे. टायरमध्ये एक गुण वाढवला की दुसरा घटतो. रबर मऊ केलं तर पकड येते, पण टायर लवकर झिजतो. खाचा कमी केल्या तर कोरड्या रस्त्यावर रबर जास्त टेकतं, पण पावसाचं पाणी जायला वाट उरत नाही. बाजूची भिंत बुटकी केली तर वळणावर गाडी नेमकी वळते, पण खड्ड्याचा दणका थेट रिमला बसतो.

वेगवान गाड्यांसाठी बाजारात मोटामोटी तीन जातींचे टायर मिळतात. पहिली जात शर्यतीच्या ट्रॅकला जवळची. यांचं रबर चांगलं तापल्यावरच खरी पकड दाखवतं आणि खाचा नावापुरत्याच असतात. सकाळी घरातून निघून सिग्नलला थांबत जाणाऱ्या गाडीत ते तापतच नाहीत आणि जुलैत तर ते धोक्याचेच. दुसरी जात 'समर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परफॉर्मन्स टायरची. तिसरी लांबच्या, आरामशीर प्रवासाच्या टूरिंग टायरची. हे जास्त टिकतात, आवाज कमी करतात, पण गाडीचा चपळपणा थोडा बोथट होतो.

'समर' या शब्दानं बिचकू नये. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की हे रबर कडक होऊ लागतं, म्हणून युरोपात हिवाळ्यासाठी वेगळे टायर घालतात. पुण्यात अशी थंडी मोजक्या पहाटेंना पडते, मुंबईत पडतच नाही. शिवाय चांगल्या समर टायरला पावसाच्या पाण्यासाठी रुंद, खोल खाचा असतात. रोजच्या स्पोर्ट्स गाडीला आपल्याकडे हीच जात योग्य.

आता पावसाचं गणित. रस्त्यावर पाणी साचलेलं असलं आणि खाचांतून ते बाहेर फेकलं गेलं नाही, तर टायर पाण्यावर तरंगतो. मग स्टिअरिंग फिरवा, ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही. विमानांच्या चाकांवरच्या प्रयोगांतून अमेरिकेच्या 'नासा'च्या संशोधकांनी १९६०च्या दशकात एक सूत्र दिलं. टायरमधल्या दाबाचं वर्गमूळ काढून त्याला ९नं गुणायचं, की टायर तरंगू लागण्याचा वेग सागरी मैलांत मिळतो. ३२ पौंड हवेला हा वेग ताशी साधारण ९४ किलोमीटर येतो. द्रुतगती मार्गाच्या सपाटीवर मोटारींना १००ची मुभा आहे, हे लक्षात घ्या. हवा कमी असेल तर हा वेग आणखी खाली येतो.

टायर तरंगला नाही तरी ओल्या रस्त्यावर टायराटायरांत फरक पडतो. ताशी ८० किलोमीटर वेगानं दोन गाड्या चालल्या आहेत आणि दोघींनी एकाच जागी ब्रेक दाबला असं समजा. एकीच्या टायरचा घर्षणांक ०.७, दुसरीचा ०.५. पहिली ३६ मीटरवर थांबेल, दुसरी ५० मीटरवर. पण खरी भीती पुढे आहे. पहिली जिथे थांबली, त्या जागेवरून दुसरी ताशी चाळीसहून अधिक वेगानं पुढे जात असेल. त्या १४ मीटरमध्ये मुलाला शाळेत सोडायला निघालेली स्कूटर असू शकते.

दुकानात गेल्यावर टायरच्या भिंतीवरची अक्षरं वाचा. समजा लिहिलं आहे '२२५/४५ आर १७ ९४ डब्ल्यू'. रुंदी २२५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम १७ इंची. ९४ या अंकाचा अर्थ टायर ६७० किलो भार पेलतो, आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतची क्षमता. ही क्षमता गाठण्यासाठी नाही, तर टायर उष्णता किती सोसतो ते कळण्यासाठी आहे. गाडीच्या कंपनीनं सांगितलेल्या भाराच्या आणि वेगाच्या खाली कधी उतरू नये. चार आकड्यांचा आणखी एक शिक्का असतो. '३२२४' म्हणजे २०२४च्या ३२व्या आठवड्यातला टायर. दुकानदारानं जुना माल काढला का, ते इथे कळतं.

'ट्रेडवेअर'चा आकडा टिकाऊपणा सांगतो, पण तो कंपनीनं स्वतःच दिलेला असतो. त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करू नये. त्यापेक्षा युरोपीय लेबल मिळालं तर ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी पाहावी. ए सर्वांत चांगली, ई सर्वांत खालची.

भाच्याला १८ इंची रिमही घालायची होती, दिसायला झोकदार म्हणून. १७ इंचीवर २२५/४५चा टायर असेल तर भिंत १०१ मिलिमीटर उंच असते. १८ इंचीवर २२५/४० घातला की ती ९० होते. म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामधली ११ मिलिमीटरची गादी गेली. पुण्याचे खड्डे पाहता मी त्याला १७वरच थांबायला सांगितलं.

चारही टायर एकाच बनावटीचे असावेत. मापं सारखी असतील आणि दोनच बदलायचे असतील तर नवे मागे घालावेत. ओल्या वळणावर मागची चाकं आधी सुटली तर गाडी सावरणं फार कठीण असतं. नवे टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर बेतानं चालवावेत. हवा महिन्यातून एकदा तरी टायर थंड असताना तपासावी. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर सहसा लिहिलेलं असतं.

खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरलं असं समजायचं. कायद्याची वाट तिथे संपते. पण पावसात पाणी बाहेर टाकण्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी ओसरते, म्हणून ३ मिलिमीटरवर आलेला टायर पावसाळ्यात नेऊ नये. मे महिन्याच्या अखेरीस पाच मिनिटं काढून चारही चाकांजवळ वाका आणि खाचांत बोट घालून पाहा. गोटा झालेला टायर उन्हाळाभर काही बोलत नाही. त्याचं खरं रूप कळतं ते पहिल्या पावसात, आणि तेव्हा आपल्यासमोर रस्त्यात कोण असेल, हे आपल्या हाती नसतं.